मेडिसिन वॉर्डातले पहिले सहा आठवडे: अनुभवी सिस्टर-ब्रदर कुणी आहेत का इथे?

शेवंती (२४ ऑगस्ट, दुपारी ३:१०)

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका खासगी रुग्णालयात लागले. शहराचं आणि रुग्णालयाचं नाव सांगत नाही. पुरुष मेडिसिन वॉर्ड, २८ खाटा. दिवसा आम्ही तिघी, रात्री दोघी, सोबत एक मावशी आणि एक मामा. पावसाळ्यामुळे एकही खाट रिकामी नाही. डेंग्यू, लेप्टो, दमा, शुगर वाढून आलेले, आणि मधूनच एखादा शेतात साप चावलेला.

कॉलेजात एकाच पेशंटवर आठवडाभर केस स्टडी लिहायचो. त्याचं घर, जेवण, झोप, सगळं वहीत. आता नाईटला माझ्या नावावर चौदा जण असतात. पहिले पंधरा दिवस सीनियर सिस्टरांच्या मागे होते. तिसऱ्या आठवड्यात एक सिस्टर नोकरी सोडून गेल्या आणि त्यांचे बेड मला मिळाले. सकाळी आठची इंजेक्शनं साडेनऊपर्यंत संपत नाहीत. तेवढ्यात कुणाचं सलाईन संपतं, कुणाला एक्स-रेला न्यायचं असतं, फार्मसीचा फोन येतो, राउंड सुरू होतो. पाच नंबरचे आजोबा तासभर पाणी मागत असतात आणि ते माझ्या डोक्यातून निघून जातं. घरी जेवायला बसले की आठवतं. मग घास उतरत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या मंगळवारी एका पेशंटला रात्री १४ युनिट इन्सुलिन लिहिलं होतं, दिवसातून एकदा घ्यायचं ते. मुलाने बाहेरच्या दुकानातून बाटली आणून दिली. मी ट्रॉलीवरची नेहमीची लाल टोपीची सिरिंज घेतली, १४ च्या रेघेपर्यंत भरली, पोटाला स्पिरिटचा बोळा लावला. शेजारच्या बेडपाशी सीनियर सिस्टर होत्या. त्यांनी ट्रेमधली बाटली पाहिली आणि "थांब" म्हणाल्या. बाटली एका मिलीत १०० युनिटची होती, सिरिंज ४० ची.

त्या ओरडल्या नाहीत. दुसरी सिरिंज दिली, माझ्यासमोर भरून घेतली आणि पुढच्या बेडला गेल्या. मी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून प्रत्येक इंजेक्शन देताना हात थरथरतो. ही गोष्ट त्या आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही. इन्चार्ज सिस्टरांना सांगावं का? सांगितलं तर कच्ची म्हणून काढतील का? आणि हे सगळं कधी अंगवळणी पडतं?

रानवारा (२४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५)

शेवंती, मी ब्रदर आहे. नाशकात आयसीयूला नऊ वर्षं झाली. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, सांग. उद्याच सांग आणि लेखी दे.

तू नेमकी कशातून वाचलीस ते आकड्यांत बघ. लाल टोपीची सिरिंज ४० युनिट प्रति मिली बाटलीसाठी असते. तिच्यावर १४ ची रेघ म्हणजे ०.३५ मिली. १०० च्या बाटलीतून तेवढंच ०.३५ मिली ओढलं तर ते ३५ युनिट होतात. म्हणजे अडीच पट. आणि हे इन्सुलिन चोवीस तास काम करणारं. पेशंट पहाटे झोपेत घामाघूम झाला असता, आणि रात्री दोघीच असताना ते वेळेत लक्षात आलंच असतं असं नाही. उलटी चूकही होते. ४० च्या बाटलीतून केशरी टोपीच्या, म्हणजे १०० च्या सिरिंजने १४ ची रेघ भरली, तर पोटात साधारण साडेपाचच युनिट जातात. मग शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात आणि खरं कारण कुणाला कळत नाही.

आपल्याकडे दोन्ही ताकदीच्या बाटल्या दुकानात मिळतात. वॉर्डच्या स्टॉकमध्ये बहुधा ४० ची असते, पेशंट घरून पेन किंवा १०० ची बाटली घेऊन येतो. त्यामुळे हा सापळा प्रत्येक वॉर्डात लावलेलाच आहे. तू कच्ची आहेस म्हणून तो तुझ्यासाठी तयार झाला नाही. आज तू गप्प बसलीस तर पुढच्या आठवड्यात दुसरी कुणीतरी तोच ट्रे उचलेल, आणि तिच्या शेजारच्या बेडपाशी कुणी उभं असेलच असं नाही.

आमच्याकडे इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड या तीन गोष्टी दोघांनी बघितल्याशिवाय दिल्या जात नाहीत. बघणं म्हणजे दुसऱ्याने "हो हो, बरोबर" म्हणणं नव्हे. पहिला बाटलीवरचं नाव आणि ताकद मोठ्याने वाचतो, दुसरा सिरिंज उजेडात धरून रेघ वाचतो. वीस सेकंद लागतात. पोटॅशियमची अँप्यूल तर डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवूच देऊ नकोस. १० मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय तिथल्या तिथे थांबतं.

जुनी_परिसेविका (२४ ऑगस्ट, रात्री ९:२०)

पोरी, मी जिल्हा रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी. रानवारांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. मी नवीन असताना एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारी-शेजारी होत्या आणि मी एकीच्या गोळ्या दुसरीला दिल्या. नुसत्या बीकॉम्प्लेक्सच्या होत्या म्हणून निभावलं. आमच्या सिस्टरबाईंनी मला त्या बाईंकडे नेलं आणि माझ्या तोंडून सांगायला लावलं. तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं वाटलं. पण पुढे प्रत्येक गोळी देताना "तुमचं पूर्ण नाव सांगा" हे आपोआप तोंडात यायला लागलं. आपण नाव घेऊन विचारू नये, त्यांनाच सांगू द्यावं. ऐकायला कमी येणारा माणूस कुठल्याही नावाला "हो" म्हणतो.

आता ओव्हरबद्दल, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट ताब्यात घेण्याबद्दल सांगते, कारण तुझा अर्धा गोंधळ तिथे सुटेल. टेबलापाशी बसून केसपेपर बघत ओव्हर घेऊ नकोस. जाणाऱ्या सिस्टरबरोबर बेड टू बेड फिर. त्यांना घरी जायची घाई असते, तरी फिर. प्रत्येक बेडपाशी तुझे डोळे डोक्यापासून पायापर्यंत जायला हवेत. माणूस शुद्धीवर आहे का, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, बाटलीत सलाईन किती उरलंय, इंट्राकॅथच्या (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या) जागी सूज किंवा लाली आहे का, लघवीच्या पिशवीत किती आणि कसली. पिशवी रिकामी असेल तर शेवटची कधी ओतली ते तिथेच विचार. सिस्टर गेल्यावर ते सांगणारं कुणी नसतं.

खिशात एक कागद ठेव, चार घड्या घातलेला. चौदा ओळी, प्रत्येकीपुढे वेळ लिहायची जागा. स्टॅट (लगेच करायची) ऑर्डर, रक्त पाठवायचं, एचजीटी (बोटाच्या थेंबावरची शुगर) बघायची, ज्याच्या घरच्यांना निरोप द्यायचा, सगळं तिथे. झालं की काट मार. डोक्यात काही ठेवायचं नाही. मी शेवटच्या दिवसापर्यंत तो कागद वापरला.

सलाईनच्या बाटलीला मायक्रोपोअरची (कागदी चिकटपट्टीची) उभी पट्टी चिकटव आणि त्यावर तासांच्या खुणा कर. ५०० मिली आठ तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला २१ थेंब येतात. सेटच्या पाकिटावर एका मिलीचे थेंब किती ते छापलेलं असतं, ते वाच. सगळे सेट सारखे नसतात. पट्टी लावलीस की लांबून जाताना सुद्धा कळतं बाटली पुढे पळतेय की मागे पडलीय.

आणि पाच नंबरच्या आजोबांचं पाणी. एखादा माणूस तासभर पाणी मागतो तेव्हा तो का मागतो, हे बघणं आपलं काम आहे. शुगर वाढली की अशी तहान लागते. जीभ कोरडी पडलीय का बघ. आणि हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं असतं, तेही बघ. न बघता दिलेलं पाणीसुद्धा चूक ठरू शकतं.

शेवंती (२५ ऑगस्ट, सकाळी ९:०५)

आत्ताच नाईट करून आले. झोपायच्या आधी लिहितेय. तुमचे प्रतिसाद नाईटच्या आधी तीनदा वाचले. आजीसारखं समजावलंत, परिसेविका मॅडम. कागद केला. चौदा ओळींचा.

काल रात्रीचं एक विचारायचं आहे. बावीस वर्षांचा मुलगा, डेंग्यूचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला म्हणून घरचे खूश. प्लेटलेट ३८ हजार, आई सारखी विचारत होती की पपईच्या पानांचा रस देऊ का आणि प्लेटलेटची पिशवी कधी लावणार. मी अकरा वाजता बीपी घेतलं, १०२/८४. नाडी ११६, श्वास २४, सॅच्युरेशन ९७. मुलगा नुसता पडून होता, पोट दुखतं म्हणाला. दुपारी त्याचं बीपी ११४/७२ होतं.

आरएमओ सरांना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन केला. मी म्हटलं, "सर, बारा नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये." ते म्हणाले, "ताप आहे का? बीपी किती? १०२? मग राहू दे, सलाईन चालू ठेव." मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. पण मन ऐकेना. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, पुन्हा कर. मी वीस मिनिटं फोनकडे बघत बसले. शेवटी पुन्हा केला. सर वैतागले, पण आले. हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय त्याची तपासणी) पाठवलं, सकाळी ४० होतं ते ४८ आलं. मग सलाईनचा वेग वाढवला आणि पहाटे तीनपर्यंत दर अर्ध्या तासाला बीपी घ्यायला लावलं. सकाळी ११०/७६.

माझा प्रश्न असा की मी पहिल्याच फोनला नीट कसं सांगायला हवं होतं? ती वीस मिनिटं मला आता झोपू देणार नाहीत.

कडुनिंब (२५ ऑगस्ट, दुपारी १:३०)

मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे, तिसरं वर्ष. त्या आरएमओच्या जागी मी अनेकदा असतो म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी, तू जे पकडलंस ते बरोबर होतं. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तोच धोक्याचा काळ असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं. वरचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि खालचं वर चढतं. म्हणून १०२ ऐकून मी निर्धास्त झालो असतो, पण १०२ आणि ८४ यांच्यातलं अंतर फक्त १८ आहे. ते २० किंवा त्याहून कमी झालं म्हणजे शॉकची सुरुवात. सोबत पोटदुखी, मरगळ आणि हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढलेलं. घरचे प्लेटलेटच्या मागे धावतात, आणि खरं सांगतो, कधीकधी आम्हीही. तुझी नजर बीपीवर होती.

आता फोन. रात्री एकाच वेळी कॅज्युअल्टी आणि तीन वॉर्ड सांभाळताना "बरा वाटत नाहीये" या शब्दांतून मला काही कळत नाही. असं सांग:

"सर, पुरुष मेडिसिनमधून स्टाफ बोलतेय. बेड बारा, वय बावीस, डेंग्यू पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरलाय. दुपारी बीपी ११४/७२ होतं, आता १०२/८४ आहे, फरक फक्त १८. नाडी ११६, श्वास २४. पोट दुखतंय, सुस्त आहे. मला शॉकची भीती वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत सीबीसी पाठवू का?"

अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. आधी काय होतं, आता काय आहे, तुला कसली भीती आहे आणि माझ्याकडून काय हवंय. शेवटचे दोन भाग नवीन सिस्टर हमखास गाळतात, कारण डॉक्टरला काय करायचं ते कसं सांगायचं असं वाटतं. सांगा. फोन करण्याआधी केसपेपर समोर उघडा ठेव. फोन झाला की वेळ आणि मिळालेली ऑर्डर नोट्समध्ये लिही आणि तोंडी ऑर्डर परत वाचून दाखव.

"राहू दे" मी स्वतः म्हणालेलो आहे. छत्तीस तास जागा होतो. त्या सिस्टरांनी दुसऱ्यांदा फोन केला नसता तर काय झालं असतं हा विचार मी आजही करतो. माझ्या वतीने तुझ्या सोबतच्या सिस्टरांना धन्यवाद सांग.

थेम्सकाठ (२५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५)

सांगलीकडची, आता इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डला आहे. इथे प्रत्येक पेशंटच्या नोंदींना गुण देतात. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप. आता जवळपास सगळीकडे एकच तक्ता आहे. शेवंती, तुझ्या मुलाचे आकडे मी त्यात घातले: श्वास २४ चे २, बीपी १०२ चा १, नाडी ११६ चे २. बेरीज ५. इथे ५ झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचंच, नर्सला कसं वाटतं हा मुद्दाच उरत नाही. ७ झाले की आणीबाणी. नवीन मुलीच्या हातात असा आकडा असला की ती वीस मिनिटं फोनकडे बघत बसत नाही.

यात एक गोष्ट तुझ्या आजच्या कामाची. पाच गुणांतले दोन श्वासाचे आहेत. आपल्याकडे टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर श्वास सगळ्यांचा २० लिहिलेला असतो. मीसुद्धा तिकडे असताना न मोजता लिहिलाय, आणि त्याची मला लाज वाटते. पूर्ण एक मिनिट मोज. नाडी बघतेय असा हात धरून ठेव आणि डोळे छातीवर असू देत. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस तो बदलतो.

इथे नवीन नर्सला सुरुवातीचे काही आठवडे मोजणीत धरतच नाहीत, ती जास्तीची असते. पुढे काही महिने ठरवून दिलेली एक अनुभवी नर्स तिच्या मागे असते. तुला पंधरा दिवसांत सोडून दिलं हा तुझा दोष नाही.

वऱ्हाडची_माणूस (२६ ऑगस्ट, सकाळी १०:४०)

सगळे कागद करा, श्वास मोजा सांगताहेत, ते बरोबरच आहे. पण एका रात्री एका मुलीच्या गळ्यात चौदा पेशंट कोण टाकतं, हे कुणी बोललं नाही. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिघांमागे एक नर्स आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी नर्सच्या पगाराचंही सांगितलं: २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका, आणि ५० च्या आतल्या रुग्णालयातही २० हजारांपेक्षा कमी नको. शेवंती, तुला किती मिळतो ते इथे लिहू नको, मनाशीच ताडून बघ.

आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे आहेत? माझी पहिल्या नोकरीत जमा करून घेतली होती. दोन वर्षांचा बाँड. सरकारी भरती निघाली तेव्हा कागदपत्रांच्या पडताळणीला माझ्या हातात काही नव्हतं. ती जागा गेली.

रानवारा (२६ ऑगस्ट, सकाळी ११:३०)

वऱ्हाडची_माणूस, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण आज रात्री तिच्यासमोर चौदाच असणार आहेत, म्हणून आधी ते बोललो.

वऱ्हाडची_माणूस (२६ ऑगस्ट, दुपारी १२:०५)

दोन्ही बोललं पाहिजे भाऊ. नाहीतर पोरींना वाटतं आपणच कमी पडलो, आणि वर्षभरात त्या नर्सिंगच सोडतात. माझ्या बॅचच्या चार जणींनी सोडलं. चौघीही हुशार होत्या.

बाकावरचा_माणूस (२६ ऑगस्ट, रात्री ८:५०)

मी यातला नाही. वडील मागच्या वर्षी अकरा दिवस मेडिसिन वॉर्डात होते, मी बाहेरच्या बाकावर. एक नवीन सिस्टर होत्या, चेहऱ्यावरूनच कळायचं. एकदा मी त्यांच्यावर आवाज चढवला, कारण बाबांचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं होतं आणि मी तीनदा हाक मारली होती. त्या म्हणाल्या, "पलीकडे एकाला फिट आलीय, दोन मिनिटांत येते, तोवर हा चाप असा बंद करून ठेवा." आणि मला चाप दाखवला. त्या दोन वाक्यांनी माझा राग गेला. नातेवाइकांना काय चाललंय ते कळत नाही म्हणून ते भितात आणि भीतीने ओरडतात. शेवंतीताई, दोन मिनिटं लागणार असतील तर "दोन मिनिटं" एवढं सांगत जा. मी त्या सिस्टरांची माफी मागितली नव्हती. इथे मागतो.

शेवंती (२९ ऑगस्ट, दुपारी ४:००)

तीन दिवस लिहायला जमलं नाही. इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. सीनियर सिस्टर माझ्याबरोबर आल्या, मी न विचारताच. इन्चार्ज सिस्टर आधी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहून दे. बाटली कुठून आली, सिरिंज कुठे होती, वॉर्डात तेव्हा किती जणी होतात, सगळं लिही." मी एक पान लिहिलं. त्यांनी वाचलं आणि मला घेऊन ट्रॉलीपाशी गेल्या. दोन्ही सिरिंजा एकाच डब्यात होत्या. त्यांनी डबे वेगळे केले, फ्रिजच्या दारावर माझ्याच अक्षरात लिहून लावलं: "बाटलीवर ४० की १००? मोठ्याने वाचा." बाहेरून आलेल्या बाटलीला आता नावाची पट्टी आणि ताकद लिहिल्याशिवाय फ्रिजमध्ये जागा नाही. शाबासकी मिळाली नाही, पण काढलंही नाही. रात्री तिसरी नर्स मिळावी म्हणून त्या मेट्रनना (सगळ्या नर्सच्या प्रमुखांना) लिहिणार आहेत, त्यात माझं पान जोडणार आहेत.

बारा नंबर काल घरी गेला. आईने जाताना माझा हात धरला. त्याही वेळी त्या प्लेटलेटबद्दलच बोलत होत्या.

प्रमाणपत्रं माझ्याकडेच आहेत. वडिलांनी द्यायला नकार दिला होता, तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते.

अजून एक. इंट्राकॅथ लावायला जमत नाही. तीनातली एकच नीट बसते. म्हाताऱ्या माणसांना टोचताना फार वाईट वाटतं.

रानवारा (२९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०)

ते पान ज्या दिवशी तू लिहिलंस त्या दिवशी तू त्या वॉर्डची झालीस.

इंट्राकॅथ: शिरा शोधायला डोळ्यांपेक्षा बोट वापर. दिसणारी शीर पळते, बोटाला उसळी देणारी टिकते. हात खाली लोंबकळू दे, गरम कपडा ठेव, टूर्निकेट (दंडाचा पट्टा) लावल्यावर घाई करू नकोस. म्हाताऱ्यांची कातडी खालून ताणून धर आणि अगदी आडवा कोन घे. त्यांना निळी २२ नंबर पुरते, हिरवी १८ लावायचा हट्ट नको. रक्त द्यायचं असेल तर गुलाबी बघ. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा स्वतः टोचू नकोस, दुसऱ्याला बोलव. हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो वीस वर्षांच्या सिस्टरांनाही लागू आहे.

पारिजात_०७ (२९ ऑगस्ट, रात्री १०:३०)

इंट्राकॅथवरून आठवलं म्हणून लिहिते. नवीन असताना मला वापरलेली सुई टोचली होती, टोपी परत लावताना. कुणाला सांगितलं नाही. इन्चार्ज रागावतील म्हणून. दोन महिने रोज रात्री तेच डोक्यात. नशिबाने तपासणी ठीक आली. पण कुणी असं करू नका. टोपी परत लावायचीच नाही, सुई तशीच पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच कळवा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असते. कावीळ बी ची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन वेळा. शेवंती, तुझे तिन्ही डोस झालेत ना?

शेवंती (३० ऑगस्ट, सकाळी १०:१५)

दोन झालेत. तिसरा राहिलाय, कॉलेज संपलं आणि राहूनच गेला. उद्याच घेते.

जुनी_परिसेविका (३० ऑगस्ट, दुपारी १२:३०)

नाईटबद्दल तुला सांगायचं राहिलं होतं. जेवल्याशिवाय ड्युटीला जाऊ नकोस. पहाटे तीन ते पाच हा वाईट वेळ, पेशंटलाही आणि आपल्यालाही. त्या वेळी बसायचं नाही, टॉर्च घेऊन एक फेरी मारायची. झोपलेला माणूस आणि शुद्ध हरपलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. जवळ जा, खांद्याला हात लाव.

मावशींना नावाने हाक मार आणि त्यांचं ऐक. त्या पंधरा वर्षं तोच वॉर्ड झाडतायत. आमच्या मावशी "सिस्टर, सहा नंबर आज कसातरीच दिसतोय" म्हणाल्या की मी हातातलं सोडून उठायचे. त्यांचं म्हणणं फार क्वचित चुकलं.

अंगवळणी कधी पडतं विचारलं होतंस. हात सहा महिन्यांत बसतो. घास न उतरण्याचं मात्र मला सांगता येत नाही, काही पेशंट मला आजही जेवताना आठवतात. पाच नंबरच्या आजोबांचं काय झालं?

शेवंती (३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०)

मॅडम, त्यांचं हृदय कमजोर आहे, दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलंय. मी तुमचं वाचल्यावर केसपेपर बघितला, पहिल्याच पानावर होतं. तिथे लिहिलेलं होतं आणि आजोबांना कुणी समजावलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं सिस्टर मुद्दाम देत नाहीत. सुनेला म्हणाले होते, इथे पाण्यालाही महाग झालोय.

मी एक लिटरची बाटली घेतली, तुमच्या सलाईनसारखी मायक्रोपोअरची पट्टी लावली, दहा खुणा केल्या. हृदयावर पाण्याचा भार येतो, पायावरची सूज त्याचीच आहे, हे पाय दाबून खड्डा दाखवून सांगितलं. चहा आणि वरणाचं पाणीही यातच धरायचं हेही सांगितलं. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायची, गिळायची नाही. सुनेने लिहून घेतलं.

आता नाईटला निघतेय. काल सकाळी ओव्हर देताना त्यांच्या बेडपाशी पोचलो, तर आजोबांनी उशाची बाटली उचलून सिस्टरांना दाखवली आणि म्हणाले, "कालच्या दोन रेघा उरल्यात. लिहून घ्या."